एका कडव्याएवढं थांबणं

मार्गशीर्ष लागला की ग्वाल्हेरला, आमच्या दौलतगंजात, सकाळ दिसायच्या आधी ऐकू येते. धुकं असं दाटलेलं असतं की समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकीसुद्धा नाहीशी होते. पण त्या पांढऱ्या पडद्यापलीकडून, नई सडकेच्या अंगानं, कुणी क्लॅरिनेट फुंकून बघत असतं, कुणी ढोल कसत असतं. बँडवाल्यांनी दुकानं उघडलेली असतात. बाजारात गजकासाठी, तीळगुळाच्या कुरकुरीत वड्यांसाठी, भाजलेल्या तिळाचा वास सुटतो, ट्रंकेतून निघालेल्या कोटांना डांबराच्या गोळ्यांचा वास येतो, आणि लग्नं सुरू होतात.

मी चोपन्न वर्षांचा आहे. सरकारी कचेरीत कालव्यांचे नकाशे काढतो, वरच्या दोन खोल्यांत एकटा राहतो. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर सांगण्यासारखं काही नाही. लगनसराईत मी खिडक्या लावून घेतो. शेजाऱ्यांना वाटतं, मला थंडी बाधते. मीही तसंच सांगतो.

यंदा मात्र त्या आवाजात आणखी एक आवाज मिसळला. रेवतीनं, माझ्या भाचीनं, फोनवर एक अल्बम पाठवला. एका जपानी सॅक्सोफोनवाल्या बाईचा, जॅझचा. रेवती पुण्याची. मागच्या वर्षी कंपनीच्या कामानं आठ महिने ओसाकाला होती. तिथं कुठल्याशा गल्लीत, वीसेक खुर्च्या मावतील एवढ्या जागेत, तिनं या बाईला समोर बसून ऐकलं होतं.

"मामा, एकटा असशील तेव्हा ऐक हं."

"मी एकटाच असतो गं."

"तसं नाही रे. कुकर लावून, पेपर चाळत ऐकू नकोस."

आमच्या गावात संगीत म्हणजे तंबोरा. ख्याल, मैफल, हळूच मान हलवणारी म्हातारी माणसं. सॅक्सोफोन म्हणजे वरात. लाल कोट, खांद्यावर सोनेरी दोऱ्या, आणि पुढे नाचणारा नवरदेवाचा दोस्त. त्या वाद्यातून रडणं, हसणं, नाचणं सगळं निघतं हे मी लहानपणापासून ऐकलेलं. पण एखादं माणूस त्यातून विचार करतंय, असं काही मी कधी ऐकलं नव्हतं.

पहिल्यांदा वाटलं, रेकॉर्डिंग बिघडलंय. सुराच्या आधी श्वास ऐकू येत होता. श्वास घ्यायच्या आधी ओठ सुटल्याचा बारीक आवाजसुद्धा. बोटांखाली चाव्यांची टकटक. जणू ती बाई माझ्या खाटेच्या पायथ्याशी बसून, मला झोप लागली असेल अशा समजुतीनं, हलक्या हातानं वाजवत होती. सूरही भरघोस नाही. थोडा गार, थोडा खाली. मला तो ओळखीचा का वाटतोय हे दोन दिवस कळलं नाही. मग धुक्यातून कुणाचातरी पहिला सूर आला आणि कळलं. थंडीत पितळ असंच बोलतं. वाजवणाऱ्याच्या श्वासानं ते गरम होईपर्यंत सूर जरा उतरलेलाच राहतो. म्हणून आमचे बँडवाले वरातीआधी वाद्य कोटाच्या आत, छातीशी धरून उभे असतात. तान्ह्या मुलाला धरावं तसं.

त्या अल्बममधल्या सहाव्या रचनेत ती बाई अर्ध्या वाक्यात थांबते. पियानो थांबतो, तो माणसाएवढा उभा बास थांबतो, ड्रमवर फिरणाऱ्या ब्रशची सळसळही थांबते. मी फोन हलवून बघितला, नेट गेलं असेल म्हणून. मग एक खुर्ची करकरली. म्हणजे तिथं माणसं होती. आणि मग चौघंही एकदम परत आले. पण जिथं सोडलं होतं तिथून नाही, पुढून कुठूनतरी.

मी रेवतीला विचारलं, "हे मधेच काय होतं गं? विसरतात की काय?"

ती हसली. "थांबलेले नाहीयेत ते, मामा. चौघंही मनात वाजवतायत. तेवढं गाणं वाजलंय, फक्त ऐकू आलेलं नाही. म्हणून तर बरोबर पुढच्या जागी सापडतात एकमेकांना."

मग तिनं दुसरीच गोष्ट काढली. तिचं लग्न ठरलं होतं आणि तिला ते आजोळी, ग्वाल्हेरला करायचं होतं. "सगळे डेस्टिनेशन वेडिंग करतात ना? माझं डेस्टिनेशन दौलतगंज!" बँड इथलाच हवा होता. आणि आणखी एक हवं होतं. "आई सांगते, तिच्या लग्नात नलूआजीनं स्वतः रचलेलं मंगलाष्टक होतं आणि बँडवाल्यांच्या घोळात ते म्हणायचंच राहिलं. ते शोध ना मामा. मला ते माझ्या लग्नात हवंय."

मी हो म्हणालो. फोन ठेवला. मग बराच वेळ कुकर लावायचं विसरलो.

नलूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. सासरी सात महिने राहून परत आली ती कायमची. आम्हां दोघा भावंडांची आई लवकर गेली, तेव्हा सुनंदाताईच्या, म्हणजे रेवतीच्या आईच्या, वेण्या आत्यानंच घातल्या. दिवसभर ती प्राथमिक शाळेत मुलींना हिंदी शिकवायची आणि घरी आमच्याशी मराठी बोलायची. पण तिच्यासारखी तिची मराठीही शाळेतून चालत घरी यायची, तेव्हा तिच्या पदराला हिंदीची धूळ लागलेली असायचीच. "चहा ठंडा होऊन जाईल, पिऊन घ्या." "मला काय पता?" आमच्या घरात ते कुणालाच वेगळं वाटत नसे. मी कॉलेजात जाईपर्यंत.

ताईचं लग्न पुण्याला ठरलं, तीस वर्षांपूर्वी, अशाच मार्गशीर्षात. त्या आधीचा महिनाभर आत्या पोळ्या लाटताना गुणगुणायची आणि डाव्या हाताची बोटं पोळपाटाच्या कडेवर मोजत जायची. वृत्त शार्दूलविक्रीडित. एका ओळीत एकोणीस अक्षरं, चार ओळी. कागद कुणाला दाखवत नसे. फक्त एकदा मला विचारलं.

"का रे, मंगलाष्टकात 'बिटिया' घातलं तर चालेल? 'लेक' बसत नाहीये. एक अक्षर कमी पडून राहिलंय."

"मुलगी घाल की. बरोबर बसेल."

ती लाटणं थांबवून माझ्याकडे बघत राहिली. "मुलगी तर दुनियेत कुणाचीही असते. बिटिया आपल्या घरची."

मी म्हणालो, "पुण्याचे लोक हसतील, आत्या."

"हसू देत. लग्नात हसतातच."

पुण्याचे लोक आले आणि खरंच हसले. वाईट नव्हते ते. चांगली, मोकळी माणसं होती. जानवशाच्या ठिकाणी, जिथं नवऱ्याकडचे उतरले होते, आत्या चहाचा ट्रे घेऊन फिरत होती आणि तिच्या पाठीमागे नवऱ्याकडची एक मुलगी हुबेहूब म्हणाली, "ठंडा होऊन जाईल हं, पिऊन घ्या!" सगळे हसले. मीही हसलो. मी तर त्यांना आणखी दोन वाक्यं करून दाखवली, आत्याची. माझी मराठी पुस्तकी होती, स्वच्छ, घासून घेतलेली. एक काका माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तू इथला वाटतच नाहीस." मला तेव्हा ते बक्षीस वाटलं. आत्यानं ऐकलं की नाही, मला माहीत नाही. ट्रेवरचे कप मोजत ती आत गेली.

इथल्या मराठी लग्नात एक काम असतं, जे बाकी कुठं असेल असं वाटत नाही. आमचे बँडवाले हिंदी बोलणारे. त्यांच्या ओळखीची लग्नं रात्रीची, घोडीवरची, फेऱ्यांची. आमचं लग्न भर दुपारी, मुहूर्ताच्या मिनिटावर, आणि अष्टकं कधी संपली हे बाहेर उभं राहून त्यांना कळायचं कसं? ताईच्या लग्नातला बँडमास्टर मला म्हणाला होता, "भैया, आप लोग हर बार 'सावधान' बोलते हो, हम हर बार सावधान हो जाते हैं। फिर पता पड़ता है कि अभी तो और है।" म्हणून घरातला एक मुलगा पांढरा रुमाल घेऊन खिडकीत उभा राहतो. शेवटचा मंत्र झाला की रुमाल वर. रुमाल वर गेला की बँड. त्या दिवशी तो रुमाल माझ्या हातात होता.

गुरुजींची अष्टकं झाली. नवऱ्याच्या मावशीनं एक म्हटलं, छान, ठसठशीत. गुरुजींनी घड्याळ बघितलं. मुहूर्ताला तीन मिनिटं होती. ते म्हणाले, "अजून कुणी?"

मागच्या रांगेतून आत्या पुढे आली. जांभळ्या काठाची साडी, हातात चौघडी कागद. तिनं तो उलगडला. अंतरपाटाच्या अलीकडे ताईची मान खाली होती, पण आत्याच्या बांगड्यांचा आवाज ऐकून ती जराशी वळली, ते मला दिसलं. पुण्याच्या मुली एकमेकींकडे बघून ओठ दाबत होत्या. त्यातल्या एकीनं माझ्याकडे बघितलं. आता मज्जा, अशा नजरेनं.

आणि मी रुमाल वर केला.

हे मी आजवर कुठंही लिहिलेलं नाही. सगळ्यांना मी सांगितलं की गोंधळ झाला. गोंधळ झाला नव्हता. माझा हात शांतपणे वर गेला. एखादं दार लोटून घ्यावं, तसा.

बँड फुटला. बँडचा आवाज म्हणजे लग्न लागलं, एवढं सगळ्यांना माहीत. अक्षता उडाल्या, अंतरपाट दूर झाला, गुरुजींनी शेवटचा मंत्र त्या गदारोळातच उरकला. आत्या थांबली नाही. तोंड उघडलेलंच होतं, तिनं म्हटलं. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, ताईकडे बघत. मला फक्त ओठ दिसत होते. एका ठिकाणी ते मिटून उघडले. तो 'बि' असावा. मग तिनं मुठीतल्या अक्षता टाकल्या, सगळ्यांच्या नंतर, एकटीनं, आणि कागद परत चार घड्यांत मिटला.

खिडकीबाहेर बँडच्या सगळ्यात पुढे सलीमभाई होता. सॅक्सोफोनवाला. त्याला आतलं दिसत होतं. बाकीचे वाजवत होते आणि त्यानं एकट्यानं वाद्य खाली केलं. आत्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. पंगत बसली तेव्हा तो मला गाठून म्हणाला, "भैया, वो अम्मा तो अभी गा रही थीं।"

"नहीं, हो गया था।"

"अच्छा," तो म्हणाला.

थोरल्या काकांनी बँडमास्टरला सगळ्यांसमोर झापलं. तो माझ्याकडे बघत होता. मी पत्रावळी मोजत होतो. संध्याकाळी ताई गेल्यावर मी आत्याला म्हणालो, "आत्या, चूक झाली." ती म्हणाली, "असू दे रे. बँडवाल्यांना काय पता आपलं." मी तेवढ्यावर थांबलो. चूक कुणाची, हे तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्यानंतर एकोणीस हिवाळे आम्ही दोघं याच दोन खोल्यांत राहिलो. गच्चीवर उन्हात पाय पसरून ती मटार सोलायची आणि मी पेपर वाचायचो. किती दुपारी होत्या! प्रत्येक दुपारी विचारता आलं असतं: आत्या, काय लिहिलं होतंस गं? एवढंच. पण ते विचारायचं तर आधी दुसरं सांगावं लागलं असतं. तिनं पुन्हा काही रचलं नाही. माझ्याशी बोलताना तिच्या मराठीतली हिंदी हळूहळू कमी होत गेली. ती शब्द निवडून बोलायला लागली. हे माझ्या लक्षात आलं ते ती गेल्यावर, घर गप्प झाल्यावर.

रेवतीच्या फोननंतर मी तिची ट्रंक उघडली. लोणच्याच्या प्रमाणांची वही, शाळेतल्या मुलींनी दिलेली शिक्षक दिनाची कार्डं, चष्म्याच्या दोन रिकाम्या डब्या, एक स्वेटर अर्धा विणलेला. कागद नव्हता. प्रत्येक वही झटकली. नव्हताच.

मग मी नया बाजारात सलीमभाईच्या दुकानी गेलो. बँड ठरवायचाच होता. तो आता सत्तरीचा आहे. पुढचे दात गेले, त्यामुळे वाजवणं सुटलं. त्याचा पुतण्या वाजवतो. सलीमभाई दुकानासमोर उन्हाच्या पट्ट्यात खुर्ची टाकून बसतो आणि ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवतो. मी त्याला ते लग्न सांगितलं. खिडकी, रुमाल, जांभळ्या काठाची साडी. तीस वर्षांत पहिल्यांदा मी खरं सांगत होतो आणि ज्याला सांगत होतो त्याला काहीच आठवत नव्हतं.

"साहब, इतनी शादियाँ बजाईं," तो म्हणाला. "हर शादी में कोई न कोई गाता रह जाता है। हमारा तो काम ही ऐसा है, ऊपर से बजा देना।"

मी इयरफोन काढून त्याच्या कानात घातले आणि सहावी रचना लावली. त्यानं डोळे मिटले. त्याची बोटं शालीवर हलायला लागली, नसलेल्या चाव्यांवर. मग ती जागा आली. मला वाटलं, तो आता डोळे उघडून म्हणेल, बंद पड गया. त्यानं डोळे उघडले नाहीत. बोटंही थांबली नाहीत. त्या अख्ख्या रिकाम्या जागेत ती चालत राहिली, आणि ती जपानी बाई परत आली तेव्हा त्याची बोटं तिच्याबरोबर होती.

"ठंड में बजा रही है," इयरफोन काढत तो म्हणाला. "पर कच्ची नहीं है। चुप भी सुर में है।" मग पुतण्याला, "चाय बोल दे साहब के लिए। और सुन, मराठी शादी है, दिन की। रुमाल देख के बजाना।"

घरी येऊन मी रेवतीला फोन केला आणि सगळं सांगितलं. हसलो होतो तेही. मला तिचा श्वास ऐकू येत होता.

"आईला सांगितलंस?"

"नाही."

"आधी आईला सांग. मग माझ्याशी बोल."

ताईला सांगायला मला तीन दिवस लागले. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "मी किती वर्षं त्या बँडवाल्यांची गोष्ट सांगून लोकांना हसवलं रे." मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "मी वाट बघत होते. काय लिहिलं असेल माझ्यासाठी, असं वाटत होतं. नंतर तिला विचारलं तर म्हणाली, जाऊ दे, काही खास नव्हतं." मग तिनं विचारलं, "तुला त्यातला एखादा शब्द तरी माहीत आहे?"

"बिटिया," मी म्हणालो.

तिनं फोन ठेवला. रागानं नाही, असं मला वाटतं. पण मला ते नक्की माहीत नाही आणि आता मी माझ्या सोयीचं काही धरून चालत नाही.

दोन दिवसांनी रेवतीचा फोन आला. आवाज कोरडा, कामाचा. "मामा, गुरुजींना सांगून ठेव. सगळ्यांची अष्टकं झाली की एक जागा रिकामी सोडायची. नलूआजीची. कुणी काही म्हणायचं नाही. तेवढं झालं की मग गुरुजींचा शेवटचा मंत्र, मग बँड. रुमाल तू धरायचास."

"दुसऱ्या कुणाला तरी दे गं."

"नाही. तूच. आणि किती थांबायचं ते तुलाच माहितीये."

माहीत आहे. चार ओळी, एकोणीस-एकोणीस अक्षरं. शहात्तर. त्यातली तीन मला ठाऊक आहेत. ती कुठं असतील हेही थोडंफार ठाऊक आहे. लघु, लघु, गुरू, म्हणजे कुठल्यातरी ओळीत चौथ्या अक्षरापासून किंवा दहाव्या. त्या वृत्तात तेवढ्या दोनच जागा आहेत. उरलेली त्र्याहत्तर आत्याबरोबर गेली. ती मी गढूळ पाण्यात हात घालून शोधावीत तशी शोधतो आणि माझ्या हाताला प्रत्येक वेळी माझेच शब्द लागतात. ते मी सोडून देतो.

लग्नाला बारा दिवस आहेत. सकाळी मी धुक्यात फिरायला जातो. कानात ती बाई असते आणि कोटाच्या खिशात धुतलेला, इस्त्री केलेला रुमाल. सहाव्या रचनेतली ती जागा आली की मी रस्त्यात उभा राहतो आणि आत्याच्या चालीत मनात मोजायला लागतो, बोटं खिशाच्या कडेवर. दूधवाले वळसा घालून जातात. पहिली ओळ पूर्ण होते. दुसरी अर्ध्यावर येते आणि तेवढ्यात ते चौघं जपानी एकमेकांना सापडतात, सूर परत येतो. त्यांचं थांबणं तेवढंच आहे. मला त्यापुढे अजून अडीच ओळी जायचंय. म्हणून मी कानातून ते काढतो आणि नुसत्या धुक्यात उभा राहतो, हात खाली ठेवून, शहात्तराव्या अक्षरापर्यंत.